शोधकुत्रा तयार करायचाय? कोकणातल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

जुलै उजाडला आणि कुठे दरड कोसळल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो: "आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, फार हुशार आहे, त्याला माणसं शोधायला शिकवता येईल का?" येईल. पण हुशारीचा वाटा यात सगळ्यात लहान. चेंडूसाठी जीव टाकणारं कुठलंही निरोगी कुत्रं सहा-आठ महिन्यांत लपलेला माणूस हुडकून भुंकायला शिकतं. अवघड आहे ते त्याच्या पुढचं. कुत्रं एखादी जागा हुंगून आलं आणि गप्प राहिलं, की माणसं फावडी उचलून दुसरीकडे जातात. त्या गप्प राहण्यावर भरवसा ठेवता येईल असं कुत्रं, आणि त्याला सांभाळणारा तसाच हँडलर, तयार व्हायला दीड-दोन वर्षं सहज लागतात.

हे सगळं लिहिताना डोळ्यासमोर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आहेत. सपाट मैदानावर शिकलेलं कुत्रं इथल्या चढावर, चिखलात आणि फिरत्या वाऱ्यात गोंधळतं. म्हणून शिकवायचं ते इथेच.

१. कुत्र्याने काय शोधायचं ते आधी ठरवा

पोलिसांच्या श्वानपथकात स्फोटकांचं कुत्रं वेगळं, अमली पदार्थांचं वेगळं, गुन्हेगाराचा माग काढणारं वेगळं. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर नाव झालेला झंजीर हा स्फोटकं हुंगणारा लॅब्रॅडॉर होता. ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. त्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरवलं गेलं होतं, म्हणून इथल्या जुन्या मंडळींना झंजीरचं कौतुक जरा जास्तच. झंजीरच्या गोष्टी ऐकून आलेल्या उत्साही तरुणाला मात्र पहिल्याच दिवशी सांगावं लागतं की बाबा, हे खासगी माणसाचं काम नाही.

कारण सरावासाठी खरा माल लागतो, आणि तो बाळगणं गुन्हा आहे. गांजा-चरसाला १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, स्फोटकांना त्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. व्हेलची उलटी, जिच्या तस्करीच्या बातम्या आपल्याकडे सारख्या येतात, ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. "कुत्र्याला वास ओळखायला शिकवत होतो" हे कारण कोणी ऐकून घेणार नाही. मृतदेह शोधणाऱ्या कुत्र्यांचीही तीच अडचण. सरावाला मानवी अवशेष लागतात आणि ते घरगुती माणसाला रीतसर मिळत नाहीत. त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या-आमच्यासारख्यांना मोकळं आहे ते जिवंत माणूस शोधण्याचं काम: रानात हरवलेले आजोबा, गडावर वाट चुकलेली पोरं, दरडीखाली किंवा पडलेल्या इमारतीत अडकलेली माणसं. पुढचं सगळं याच कामाबद्दल आहे.

ज्यांना यात नोकरीच करायची आहे त्यांच्यासाठी एवढंच: पोलीस श्वानपथकात थेट भरती नसते. आधी पोलीस शिपाई व्हावं लागतं, मग पथकात जाता येतं. एनडीआरएफमध्ये (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात) जवान सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांसारख्या केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. महाराष्ट्रासाठीची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे.

किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच. ऑगस्ट २०२३मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली होती. सरावाच्या वेळी असं काही दिसलं तर कुत्र्याला लगेच दोरीवर घ्या, लांब व्हा, ११२ला फोन करा. हात लावू नका. फाटक्या पाकिटातला माल कुत्र्याच्या पोटात गेला तर जिवावर बेतेल.

२. कुत्रं निवडताना जात शेवटी पाहा

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइ ही नेहमीची नावं. लॅब्रॅडॉर माणसांत मिसळतो, खाण्यासाठी आणि चेंडूसाठी काहीही करतो, नवख्याला झेपतो. शेफर्डची दाट केसाळ कातडी आपल्या पावसाळ्यात वाळत नाही आणि बुरशी, खरूज मागे लागते. मॅलिनॉइ पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्याने घेऊ नये. त्याला रोज काम लागतं, नाही मिळालं तर तो घर फाडतो. लॅब्रॅडॉर आणि शेफर्ड दोघांतही खुब्याच्या सांध्याचं दुखणं आनुवंशिक असतं, म्हणून आई-बापांची चौकशी करा आणि वर्षा-दीड वर्षाचं झाल्यावर एक्स-रे काढून घ्या.

गावठी कुत्र्याला नाक मुरडू नका. उकाडा, गोचीड, चढ-उतार हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. प्रश्न फक्त एकच: त्याला खेळायचं वेड आहे का? बहुतेक गावठी कुत्री माणसाबरोबर खेळण्यात फार रमत नाहीत. पण रमणारं मिळालं तर सोडू नका.

निवडीची परीक्षा साधी आहे. उंच गवतात चेंडू फेका आणि कुत्र्याला पट्ट्याला धरून थोडं थांबवा. मग सोडा. चेंडू दिसत नसताना ते नाक खाली घालून शोधत राहतं, की भोवती एक फेरी मारून तुमच्या तोंडाकडे बघतं? शोधत राहणारं हवं. मग पत्रा जमिनीवर आपटा. दचकलं तर हरकत नाही, पण मिनिटभरात पत्रा हुंगायला यायला हवं. शेपूट घालून पळालेलं आणि परत न आलेलं कुत्रं घरी सुखात राहू दे. पडक्या इमारतीवर त्याला नेणं हा छळ होईल.

आठ आठवड्यांहून लहान पिल्लू घेऊ नका. विकणाऱ्याला तसं विकण्याची कायद्याने मनाईच आहे.

३. कागद

यात वेळ घालवू नका, पण टाळूही नका. आणीबाणीच्या ठिकाणी अडवतात ते कागदावरून.

- लसीकरण पुस्तिका: रेबीज, आणि डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस. लेप्टोस्पायरोसिस (चिखलातून, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो) त्यात आहे ना ते नीट विचारा. आपल्याकडे ती सगळ्यात महत्त्वाची.
- ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडची कुत्र्याची नोंद किंवा परवाना, जिथे जी पद्धत असेल ती.
- मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक. चिप पशुवैद्य बसवून देतात.
- तुमचं ओळखपत्र आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. आपदा मित्र (आपत्तीतल्या स्वयंसेवकांचं सरकारी) प्रशिक्षण झालं असेल तर ते ओळखपत्रही.
- सराव करता त्या जागामालकाची लेखी परवानगी.
- जवळच्या पोलीस ठाण्याला सरावाची माहिती देणारं पत्र, पोच घेतलेलं. रानात मुद्दाम लपून बसलेला माणूस पाहून गावकरी पोलिसांना फोन करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

फणसाड, कर्नाळ्यासारख्या अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय कुत्रं न्यायचं नाही. वेळास, आंजर्ले यांसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, सराव नको. कासवाची घरटी उकरणाऱ्यांत कुत्री पुढे असतात, आणि आपण तर उकरायचं नाक आणखी तल्लख करतोय.

४. सामान

छातीवर बसणारा हार्नेस, साधा पट्टा, दहा मीटरचा लांब दोर (नायलॉनपेक्षा पट्टीचा बरा, हात कापत नाही), खेचाखेचीचं एक खेळणं, पाण्याचं भांडं आणि पाणी. गोचीड काढायचा चिमटा. हेडलॅम्प, शिट्टी. एक जाड वही. वारा पाहायला चिमटीत दाबता येईल अशी टाल्कम पावडरची छोटी बाटली.

ते खेळणं फक्त कामाच्या वेळी बाहेर काढायचं. घरात दिवसभर पायात पडून राहिलेल्या खेळण्यासाठी कोणी डोंगर चढत नाही.

पडझडीच्या जागी चढताना पट्टा आणि हार्नेस दोन्ही काढून ठेवतात. सळईत अडकून कुत्र्याला फास लागू शकतो. त्यासाठी आधी ते मोकळं असताना हाकेसरशी थांबायला शिकलेलं पाहिजे.

५. लपंडाव

पिल्लू असेल तर पहिले काही महिने शोधाबिधाचं नाव नको. त्याला एसटी स्टँडवर न्या, मासळी बाजारात न्या, जेटीवर, गिरणीपाशी, शिमग्याच्या ढोलांपासून थोडं लांब उभं करा. पत्र्यावरून, जाळीवरून, साकवावरून चालवा. जगाची भीती गेली की काम सुरू करा.

पहिला टप्पा. लपणारा माणूस खेळणं नाचवत, ओरडत, कुत्र्यासमोरून पळतो आणि वीसेक पावलांवर गडग्याआड बसतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला त्याने पळायचं, म्हणजे त्याचा वास कुत्र्याकडे येतो. तुम्ही कुत्र्याला धरून ठेवा, एकच शब्द म्हणा, "शोध", आणि सोडा. कुत्रं पोचलं की लपणारा त्याच्याशी खेचाखेची खेळतो, वेड्यासारखी खेळतो. बक्षीस लपणाऱ्याकडून मिळतं, तुमच्याकडून नाही. बरेच जण इथेच गडबडतात. बक्षीस हँडलरच्या खिशात असलं की कुत्रं माणूस सोडून हँडलरकडे धावतं.

पुढे लपणारा कुठे गेला ते कुत्र्याला दिसू द्यायचं नाही. मग तो आधीपासूनच, अर्धा तास, जाऊन बसलेला. मग अंतर वाढवा. मग दोन माणसं दोन जागी.

भुंकणं याच ओघात येतं. लपणारा खेळणं छातीशी धरून दगडासारखा बसतो, नजर देत नाही. कुत्रं हुंगतं, चाटतं, पंजा मारतं, वैतागतं, आणि कधीतरी एकदा भुंकतं. त्याच क्षणी खेळणं. मग दोन भुंकण्यांवर, मग पाचांवर. हळूहळू पंधरा-वीस सलग भुंकेपर्यंत न्यायचं, कारण पावसाच्या आणि यंत्रांच्या आवाजात एक-दोन ऐकूही येत नाहीत. तुम्ही मागून "भुंक, भुंक" म्हणायचं नाही. म्हणालात तर ते तुमच्या शब्दावर भुंकेल, वासावर नाही.

लपणारी माणसं बदला. घरातली दोन भावंडंच रोज लपली तर कुत्रं त्या दोघांना शोधायला शिकतं. कोळीवाड्यातल्या काकी हव्यात, चुलीच्या धुराचा वास असलेली आजी हवी, रेनकोटातला, इरल्यातला, घोंगडीखाली आडवा पडलेला, दारू प्यायलेला (तो गावात सापडतोच), पालकांसोबत असलेलं लहान मूल. दरडीखालचा माणूस कोणीही असू शकतो.

लपणाऱ्याच्या सुरक्षिततेवर तडजोड नाही. बंद पेटी नको, आतून न उघडणारं दार नको. जवळ फोन, पाणी, शिट्टी. आणि तो कुठे आहे हे तिसऱ्या कोणाला तरी ठाऊक हवं. जुन्या चिरेखाणी सरावाला छान असतात, पण फक्त उन्हाळ्यात. पावसाळ्यात त्यांत पुरुषभर पाणी साठतं आणि कडा ढासळतात. त्यापेक्षा ग्रामपंचायतीकडे पडलेले सिमेंटचे मोठे पाइप मागून घ्या आणि भोवती चिऱ्यांचा ढीग रचा.

६. वारा

कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या २० ते ३० कोटी पेशी असतात, माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख, वगैरे आपण सगळीकडे वाचतो. पण वास नाकापर्यंत आलाच नाही तर त्या कोटींचा उपयोग काय? माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण आणि वायू सतत सुटत असतात आणि वाऱ्याबरोबर पसरत जातात. माणसापाशी अरुंद, लांब जावं तसा रुंद, असा वासाचा पट्टा तयार होतो. कुत्र्याला त्या पट्ट्यात नेऊन सोडणं हे हँडलरचं खरं काम. त्यासाठी कायम वारा आडवा कापत चालायचं.

आता आपला किनारा. पावसाळा सोडला तर सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून येतो, खारा वारा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, मतलई. दोघांच्या मध्ये, सकाळी आठ-नऊच्या सुमारास आणि सूर्य बुडताना, हवा पडते. त्या पडलेल्या हवेत वास माणसाभोवतीच साचून राहतो, लांब जात नाही. तेव्हा शोध घेतलात तर चालायच्या ओळी फार जवळजवळ घ्याव्या लागतात. शक्यतो अर्धा-पाऊण तास थांबा. नातेवाईक वैतागतील, पण वारा सुटल्यावर तेच काम निम्म्या वेळात होतं.

डोंगरात याच्यावर दुसरा थर चढतो. ऊन पडलं की तापलेली हवा उतारावरून वर सरकते, रात्री गार हवा पऱ्या-ओढ्यांच्या वाटेने खाली वाहते. म्हणून पहाटे शोध घ्यायचा तर खालून, पऱ्याच्या तोंडाशी सुरुवात करा; वरच्या माणसाचा वास तुमच्याकडे चालत येतो. उन्हं चढल्यावर वरच्या धारेने चालायचं. घाटमाथ्याखालच्या वाड्यांत हे एवढं समजलं तरी निम्मी दमछाक वाचते.

जागेचे स्वभावही पाठ करा. सड्यावर, उघड्या कातळावर, वास लांब जातो पण उन्हात भरकन विरतो. दाट आमराईत वरून वारा सुसाटतो आणि खाली पान हलत नाही. तिथे वास तळ्यासारखा साचतो आणि कुत्रं गोल गोल फिरतं. गडग्याला अडकून वास गडग्याच्या कडेने सरकत जातो आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो. खारफुटीत फक्त ओहोटीला जायचं, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते हे लक्षात ठेवून परतीची वेळ आधी ठरवायची. तिथल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पंजे तपासा.

दर दहा मिनिटांनी पावडरची फुंकर मारा आणि वहीत बाण काढा. कंटाळा येतो. तरीही काढा.

७. रिकामी जागा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी इथेच दिला जातो. कारण रिकाम्या जागेच्या सरावात बघणाऱ्यांना मजा नसते, व्हिडिओ काढण्यासारखं काही घडत नाही.

रोज माणूस लपतोच, हे कुत्र्याला दोन आठवड्यांत कळतं. मग वास नसला तरी ते थकल्यावर कुठेतरी भुंकून बघतं. न जाणो, खेळणं मिळेल. आणि तुम्हाला माणूस कुठे आहे हे माहीत असेल तर तुम्ही नकळत सांगता. त्या जागी चाल मंदावते. श्वास थांबतो. दोर ढिला पडतो. कुत्रं आपल्याकडेच बघून जगतं, त्याला यातलं सगळं कळतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०११मध्ये याची परीक्षाच घेतली. १८ हँडलर आणि त्यांची अमली पदार्थ, स्फोटकं हुंगणारी तयार कुत्री. खोल्यांत शोधायचा वास कुठेच ठेवलेला नव्हता, पण हँडलरना सांगितलं होतं की लाल कागद लावलेला असेल तिथे माल आहे. बहुतेक फेऱ्यांत कुत्र्यांकडून "सापडल्याच्या" खुणा आल्या, आणि हँडलरना जिथे माल असल्याचं वाटत होतं तिथे जास्त आल्या. ही नवखी कुत्री नव्हती.

यावरचा उपाय तीन पायऱ्यांचा. आधी, तीनातली एक फेरी रिकामी ठेवा. मग, माणूस आहे की नाही हे तुम्हाला कळू देऊ नका. कोणीतरी दुसऱ्याने ठरवून पाकिटात लिहून ठेवावं. शेवटी, तुमच्यासोबत चालणाऱ्या कोणालाच ते ठाऊक नको. ज्याला ठाऊक आहे तो जागेवर हजरच नको. त्याचा चेहरा बोलतो.

फेरी संपली की तुम्ही तोंडाने सांगायचं: "आहे, इथे" किंवा "या तुकड्यात कोणी नाही." मग पाकीट उघडा. "बहुधा नसावं" हे उत्तर चालणार नाही. तसं वाटत असेल तर तो तुकडा दुसऱ्या बाजूने पुन्हा घ्या.

रिकाम्या फेरीत गप्प राहिलेल्या कुत्र्यालाही मोबदला हवा. त्याला दुसऱ्या जागी नेऊन सोपा माणूस शोधू द्या. पण दर वेळी लगेच नाही, नाहीतर पहिली फेरी उरकायची घाई लागते.

वहीत दोन आकडे वेगळे ठेवा: माणूस असताना कुत्रं किती वेळा चुकलं, आणि माणूस नसताना किती वेळा भुंकलं. बहुतेकांच्या वहीत फक्त "सापडला, सापडला, शाबास" असतं. अशा वहीवरून त्या कुत्र्याच्या गप्प बसण्याला काय किंमत द्यायची ते कोणालाच ठरवता येत नाही.

८. पाऊस, दरड आणि पडझड

पावसाला घाबरून जूनमध्ये सराव बंद करणाऱ्यांनी हे काम घेऊच नये. आपल्याकडे बोलावणं येतं तेच पावसात. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली ती २२ जुलै २०२१ला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. खालापुरात इर्शाळवाडी गाडली गेली १९ जुलै २०२३च्या रात्री. तिथे वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढवता आली नाहीत, हातांनी माती उपसावी लागली. याचा तुमच्या सरावाशी संबंध असा: कुत्रं चढण चढून वर पोचल्यावर त्याचं काम सुरू होणार आहे. धापा टाकणारं कुत्रं तोंडाने श्वास घेतं, आणि तोंडाने श्वास घेताना हुंगता येत नाही. म्हणून चढायचा सराव वेगळा, आणि वर पोचल्यावर गार होईपर्यंत थांबायचा सरावही वेगळा.

रिमझिम पाऊस आणि ओलसर हवा वासाला बरी. मुसळधार सर वास खाली दाबते. ओल्या चिकणमातीची दरड तर झाकणासारखी बसते. वास सरळ वर येत नाही, भेगा शोधतो, मुळांच्या, दगडांच्या कडेने किंवा झिरपणाऱ्या पाण्याबरोबर उतारावर खाली कुठेतरी निघतो. कुत्र्याने खूण दिली तिथेच खणायचं असं समजू नका. खुणेची काठी रोवा, उतार आणि पाण्याची वाट पाहा, वरच्या बाजूला सळयांनी भोकं पाडायला सांगा, थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा हुंगायला लावा. शक्य असेल तर दुसरं कुत्रं, ज्याच्या हँडलरला पहिली खूण माहीत नाही.

इमारतीचं गणित वेगळं. तिथे पोकळ्या असतात, हवा खेळते. महाडमध्ये ऑगस्ट २०२०ला पाच मजली इमारत कोसळली तेव्हा चार वर्षांचा मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर निघाला होता. तिथे शोधाच्या वेळी यंत्रं थांबवून घेणं आणि बघ्यांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला हटवणं या दोन गोष्टी मागून घ्याव्या लागतात. नम्रपणे, पण मागाच.

९. दुखणीखुपणी

ऊन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१च्या आसपास गेलं की जीव धोक्यात. जीभ लांब आणि गडद लाल, चालताना झोकांड्या दिसल्या की काम बंद, सावली, अंगभर साधं पाणी, वारा, आणि दवाखाना. दमट हवेत वीस मिनिटांहून जास्त सलग काम नको. कातळावर हाताचा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचाही टेकवू नका.

साप. सड्यावर फुरसं, शेताच्या बांधावर घोणस, नाग, रात्री मण्यार. चावला तर बांधू नका, कापू नका. चालवू नका, उचलून न्या. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात आहे ते आजच फोन करून विचारून ठेवा. तालुक्याच्या गावी कुत्र्यांची सवय असलेले पशुवैद्य मोजके असतात. त्यांच्या सुट्टीचा वारही माहीत हवा.

फासे. रानडुकरांसाठी लावलेल्या तारा आणि गावठी बॉम्ब याबद्दल कोणी आपणहून सांगत नाही. वाडीतल्या एखाद्या काकांजवळ बसून चहा घेत विचारलं की कळतं कुठल्या बाजूला जायचं नाही. मोहोरानंतर फवारणी झालेल्या बागांतही कुत्रं नेऊ नका.

किनाऱ्यावर मेलेला केंड मासा विषारी असतो. समुद्राचं पाणी प्यायलेलं कुत्रं ओकतं, हगवण लागते. गोचीडतापासाठी दर महिन्याचं औषध चुकवू नका. आणि तुम्ही स्वतः धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची आगाऊ लस घ्या. चिखलात काम करण्याआधी लेप्टोच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, भातलावणीवाल्यांना देतात त्याच.

१०. बोलावणं

आपणहून गाडी काढून दरडीवर धावायचं नाही. पुन्हा दरड येऊ शकते, रस्ता अडतो, आणि अनोळखी कुत्र्यांमुळे एनडीआरएफच्या कुत्र्यांचं काम बिघडतं. मे महिन्यातच जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा, वही दाखवा, तुमचं कुत्रं काय करू शकतं आणि काय नाही ते लेखी द्या. सराव परीक्षेला या म्हणून त्यांनाच बोलवा. तालुक्यातल्या गिर्यारोहकांच्या बचावगटाशी ओळख असू द्या; बहुतेक वेळा पहिला फोन त्यांना जातो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

जागेवर गेल्यावर प्रमुख कोण ते विचारा, त्याच्याकडून शोधायचा तुकडा लिहून घ्या. काम झालं की कागदावर द्या: कुठून कुठपर्यंत, किती वेळ, वारा कुठून, जमीन कशी, कुत्र्याची खूण कुठे, आणि कुठला कोपरा हुंगता आला नाही. हा शेवटचा मुद्दा लिहायला संकोच वाटतो. तो सगळ्यात आधी लिहा. कागद प्रमुखाच्या हातात द्या. टीव्हीवाल्यांना आणि गावच्या व्हॉट्सॲप गटाला काहीही सांगू नका. नातेवाईक तिथेच उभे असतात.

घरी आल्यावर कुत्र्याला गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या, कान, काखा नीट बघा, दोन दिवस कामाला सुट्टी द्या. पुढचे दोन आठवडे ताप, भूक आणि लघवीचा रंग यांवर लक्ष ठेवा. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.